टाकीचं वळण

४ जानेवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र मुद्दाम तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी पाठवलं तर दादा फोडणार, आणि फोनवर काही लिहिलं तर तुझ्याआधी तोच वाचणार. बसून बसून त्याला दुसरा उद्योग उरलेला नाही, असं तूच म्हणाली होतीस.

बातमी अशी की मी मोटरसायकल बदलली. माझी लहान गाडी एका कॉलेजातल्या मुलीनं नेली. आताची त्याच जातीची, पण बरीच वरची. माझ्या आधी कुणीतरी वापरलेली आहे, पण नीट सांभाळलेली. पुढे दोन मोठ्या डिस्क आहेत, दोन बोटांनी ब्रेक दाबला तरी जागच्या जागी बसते. सस्पेन्शन आपल्या वजनाप्रमाणे लावून घेता येतं. क्लच न दाबता गियर पडतो. गाडी किती कलली आहे ते तिचं तिला कळतं, आणि वळणात मी अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळला तर ती परस्पर आवरतं घेते. हे सगळं आईला सांगितलं तर आई म्हणाली, एवढी शहाणी आहे तर उद्यापासून कामावरही तिलाच पाठव.

आप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून आत गेले. जेवताना म्हणाले, घरातली पहिली पदवीधर, आणि पदवी घेऊन करते काय, तर ढोपर जमिनीला घासते. पण रागावलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट त्यांनीच पुसून ठेवलं होतं.

आठवडाभर हिच्यावरून कारखान्यात जाईन, रविवारी आरसे उतरवून ट्रॅकवर. लहान गाडीवर मी कायम मधल्या गटात अडकून पडत होते. आता वेगवान गटात जागा मिळेल. एवढंच.

दादाचा पाय कसा आहे? जिने चढतो का? ट्रॅकवर शिकवणाऱ्यांच्या फळ्यावरून त्याचं नाव पुसलं ते अजून कुणी लिहिलेलं नाही. त्याला हे सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी

१३ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. डॉक्टरीणबाईंनी हातात देताना विचारलं, माहेरचं का? म्हटलं, नणंदेचं. त्या म्हणाल्या, मग बसून वाच.

बसूनच वाचलं. गाडीचे इतके गुण लिहिलेस की सांगून आलेल्या स्थळाचेही कुणी एवढे लिहीत नाही. एक गोष्ट मात्र गिळलीस. ती आधी कुणाची होती?

मला भाबडी समजू नकोस. वेगवान गटात कोण असतं ते मला ठाऊक आहे. हेल्मेटवर मोरपिसं रंगवून घेतलेला तुमचा मोर असतो. तुझा दादा एका नव्या माणसाला पहिल्यांदा त्या गटात नेत होता, पुढे राहून वाट दाखवत होता, आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या वळणावर, तुमच्या टाकीच्या वळणावर, हा मोर मागून आतल्या बाजूला घुसला आणि तुझ्या दादाला पाडून गेला. ट्रॅकवर आरसे नसतात, पुढच्यानं पुढे बघायचं, मागून येणाऱ्यानं सांभाळायचं, हा तुमचाच नियम. लग्न झाल्यापासून ऐकते आहे. तरी चौकशीत तो म्हणाला की यानं अचानक वळण कापलं, म्हणजे आपली वाट सोडून आडवा आला, आणि ट्रॅकच्या मालकांनी ते मानलं. का मानणार नाहीत? त्यांच्या कुंपणावर सगळ्यात मोठी पाटी मोराच्या दुकानाची आहे.

पाय मोडला, तो जुळतो आहे. शिकवण्याची नोकरी गेली ती गेली. पण ‘स्वतः शिकवणारा आणि वळण कापतो’ हे नाव लागलं, ते कुठल्या प्लास्टरमध्ये घालू?

म्हणूनच सांगते, तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस. एका घरात एक लंगडा पुरे. दादा मजेत आहे. काठी टेकत बागेपर्यंत जातो, तिथल्या म्हाताऱ्यांशी सायकलींबद्दल वाद घालतो आणि येऊन झोपतो. कधीतरी त्याला राग येईल म्हणून मी वाट बघते. येत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर लिही.

वहिनी

२६ जानेवारी

प्रिय वहिनी,

उत्तर: गाडी मोराची होती.

त्यानं हिच्याहून वरची घेतली आणि ही गॅरेजमध्ये विकायला ठेवली. गॅरेजवाल्या काकांना मी सांगून ठेवलं की कोण नेतंय ते बोलायचं नाही. रंगाच्या पट्ट्या काढून टाकल्या. आता ती साधी काळी आहे.

वहिनी, माझं काम तुला माहीत आहे. ग्राहकाकडून बिघडून परत आलेला पंप मी उघडते आणि झीज कुठे झाली ते बघते. ग्राहक काहीही सांगतो, की आम्ही नीट वापरला, पाणी स्वच्छ होतं. मी झीज बघते. गाडी घरी आणली त्या दिवशी मी तेच केलं. डाव्या फूटरेस्टचं टोक घासून तिरपं झालेलं आहे. उजव्याचा रंगसुद्धा शाबूत आहे. टायर डावीकडे अगदी काठापर्यंत खरबरीत झालाय, आणि उजवीकडे काठाला बोटभर रबर कोरं. नव्या टायरवर असतात ते बारीक केस त्याच्यावर अजून होते.

आपला ट्रॅक जवळजवळ सगळा डावीकडे वळतो. जोरात घ्यायचं उजवं वळण एकच, टाकीचं. मोराला उजवीकडे गाडी कलवता येत नाही. घाबरतो. पुढच्या सरळ पट्ट्यावर इंजिनाच्या जोरावर तो सगळं भरून काढतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी तो दादाच्या आत घुसला, मग गाडी वळेना, आणि तो तसाच बाहेर फेकला जात दादावर आला. दादानं काहीही कापलं नव्हतं.

हे सगळं मी मालकांना जाऊन सांगितलं, टायर दाखवला. मला वाटायचं, खरं समोर ठेवलं की माणसं मानतात. मालक म्हणाले, टायरवरून माणूस ओळखायला तू ज्योतिषी आहेस का? आणि चहा मागवला, एकट्यासाठी.

आता मी काही दाखवणार नाही. त्याच वळणावर, त्याच्याच गाडीवरून, त्यानं दादाला दिलं ते त्याला परत करणार आहे. तू रागावशील. पण विचारलंस म्हणून खरं लिहिलं.

एक गंमत. मोरानं गियर उलटे करून घेतलेत, शर्यतीवाले घेतात तसे. पहिला वर, बाकीचे सगळे खाली दाबून. माझ्या पायाला सवय सुलट्याची. परवा सिग्नल लागला म्हणून गियर उतरवायला गेले तर चढला, आणि मी पावाच्या टेम्पोच्या मागच्या दारात नाक घालून थांबले. टेम्पोवाला खाली उतरला, बघितलं आणि म्हणाला, बाई, पाव हवा होता तर मागायचा.

तरी गियर उलटेच ठेवले आहेत. त्याच्या सवयी माझ्या अंगात मुरायला हव्यात.

भिंगरी

१० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या मागच्या पत्रावर मी दोन पानी उत्तर लिहिलं होतं. आईची शपथ, आप्पांचं वय, सगळं घातलं होतं. ते फाडलं. का, ते वाच.

शनिवारी मोर आमच्याकडे आला.

खाली गाडी उभी केली, मोटार, आणि फळांची टोपली घेऊन वर आला. वर्गणी मागायला आल्यासारखा हसत होता. तुझ्या दादानं उठायचा प्रयत्न केला, मोराला म्हणाला, बसा बसा. मीच चहा केला. विष नव्हतं घरात.

बसल्या बसल्या तो नवीन गाडीबद्दल बोलला. मग दादाच्या पायाकडे बघून म्हणाला, वाईट झालं, पण वेग कमी पडत असेल तर माणसानं वेगवान गटात येऊ नये, मागच्यांची पंचाईत होते. आमच्या घरात, आमच्या खुर्चीत बसून. आणि तुझा दादा काय म्हणाला? म्हणाला, ‘खरंय. तुम्हाला त्रास झाला.’ आणि हसला. भिंगरी, मी स्वयंपाकघरात जाऊन हातातली बशी ओट्यावर इतकी जोरात ठेवली की ती दुभंगली.

नंतर दादानं एवढंच विचारलं की टाकीचं वळण आता कसं घेता? मोर म्हणाला, डोळे मिटून. दोघं हसले. निघताना त्यानं दादाच्या दुखऱ्या मांडीवर थाप मारली. मुद्दाम नसेल. पण मुद्दाम नसणं हेच मला जास्त झोंबलं. आपण काय केलं ते त्याच्या लक्षातही राहिलेलं नाही.

तो गेल्यावर मी दादाला वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि टोपलीतलं एक सफरचंद सोलून खाल्लं. बाकीची मी शेजारच्यांच्या गाईला घातली.

मी आता तुला अडवणार नाही. तुझ्या दादाला राग येत नाही, तर आपण दोघींनी तो वाटून घेऊ. मला मोटरसायकलीतलं काही कळत नाही, पण एवढं कळतं की त्या माणसानं एकदा तरी जमिनीवरून वर बघितलं पाहिजे. फक्त तू उभी राहा.

वहिनी

१० मार्च

प्रिय वहिनी,

तू रोज वाट बघत असशील. दोन रविवार होऊन जाऊ दिले, कारण अर्धवट लिहायचं नव्हतं. आधी सांगते, मी धडधाकट आहे, आणि तो पडलेला नाही. लगेच पत्र चुरगळू नकोस.

पहिल्या रविवारी मी वेगवान गटात सगळ्यांत मागून निघाले. टायर तापू दिले. मग मोरापर्यंत पोचले. डावीकडच्या वळणांवर तो खरंच चांगला आहे, ते मान्य करायला हवं. मग टाकी आली. तो ब्रेक दाबून ताठ झाला, घोड्यावर पहिल्यांदा बसलेला माणूस होतो तसा. मी आतून गेले. माझं पुढचं चाक त्याच्या उजव्या पायाशी होतं, मध्ये चार बोटंही नसतील. हात जरा सैल सोडला असता तरी पुरलं असतं. दादाच्या वेळी होतं तसंच सगळं होतं, फक्त जागा बदललेल्या.

मी हँडल आवळून धरलं आणि आतून स्वच्छ निघून गेले.

दया आली म्हणून नाही. त्या क्षणी मला फळांची टोपली दिसली. तो पडला असता तर लोक त्याच्याकडे टोपल्या घेऊन गेले असते. त्याच्या पायाला प्लास्टर, लोकांच्या तोंडी बिचारा. मला त्याला बिचारा करायचं नव्हतं.

पुढच्या सरळ पट्ट्यावर त्यानं मला गाठलं, त्याची गाडी माझ्यापेक्षा जोरकस आहे. पुढच्या टाकीला मी पुन्हा आतून गेले. तो पुन्हा पट्ट्यावर पुढे. मी पुन्हा टाकीला. दर फेरीला तेच. कठड्यावर बसलेली माणसं आधी नुसती बघत होती, मग हसायला लागली, आणि शेवटी तर टाकी यायच्या आधीच हसायची. ट्रॅकवर आरसे नसतात, पण हसू ऐकू येतं.

गाड्या थांबवल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. हेल्मेट काढलं नव्हतं. गाडीच्या काळ्या पेट्रोलटाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘ही माझी गाडी आहे.’

मी म्हटलं, ‘होती.’

मग तो गाडीपाशी उकिडवा बसला, चाकं बघितली, सगळं बघितलं. उजवा फूटरेस्ट आता घासलेला आहे, तोही बघितला असेल. पण त्यानं त्यातून काय काढलं सांगू? म्हणाला, नवीत काहीतरी खोट आहे, ती वळतच नाही. ही परत दे, नवी तू ठेव. वर काय हवं ते सांग.

मला वाटलं थट्टा करतोय. तो अगदी गंभीर होता. हरतो तो आपण नाही, गाडी हरते, यावर त्याचा ठाम विश्वास आहे. तेव्हा मला कळलं की या माणसाकडून काय घेता येईल.

मी म्हटलं, वर पैसे नकोत. पुढच्या रविवारी सकाळी सूचना द्यायला सगळ्यांना एकत्र बोलावतात, तेव्हा तुम्ही उभं राहून सांगायचं की दादानं वळण कापलं नव्हतं, मीच आत घुसलो आणि मला गाडी वळवता आली नाही.

त्यानं थोडा विचार केला. शेवटचा भाग काढ म्हणाला. मी काढला. तो भाग टाकीचं वळणच सांगेल.

आणि त्यानं सांगितलं, वहिनी. परवा सकाळी, सगळ्यांदेखत, खिशात हात घालून. ‘त्या वेळी आत मी घुसलो होतो. त्यानं काही कापलं नव्हतं. झालं?’ शेवटचं ‘झालं’ माझ्याकडे बघून. मालक हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मोराला वाटलं, दोन वाक्यांत गाडी मिळाली. बाकीच्यांच्या चेहऱ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मी शब्द पाळला. गाडी धुऊन दिली. माझ्या वजनासाठी बदललेले स्प्रिंग काढून त्याचे पूर्वीचे बसवले, सस्पेन्शन त्याच्या वजनाला लावलं. नवे टायर घातले. गियर त्याला हवे तसे उलटेच होते. काका म्हणाले, शत्रूची एवढी सेवा? मी म्हटलं, त्याला एकही सबब उरता कामा नये.

दुपारी तो त्याच्या लाडक्या गाडीवर निघाला, मी त्याच्या नव्या गाडीवर. टाकीला तो ताठ झाला. मी आतून गेले. नवीत काही खोट नव्हती.

तुझी,
भिंगरी

१८ मार्च

प्रिय भिंगरी,

पहिली दोन पानं वाचून मी तुझ्यावर चिडले होते. चार बोटं राहिली होती आणि तू सोडलंस, असं मनात म्हणत होते. मग पुढचं वाचलं आणि दवाखान्यात एकटीच हसत बसले. एक पेशंट तोंड उघडून खुर्चीत थांबलेला होता.

आता इकडचं ऐक. ट्रॅकच्या मालकांचा फोन आला. आवाज असा मऊ की ओळखू येईना. गैरसमज झाला म्हणे. दादाचं नाव फळ्यावर पुन्हा लिहिलंय म्हणे. पाय बरा होईपर्यंत कार्यालयात खुर्ची टाकून देतो, नावं नोंदवा, पंखा आहे. मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते, हो म्हण, हो म्हण.

आणि हा म्हणाला, खुर्ची नको, मला झेंडेवाल्याचं काम द्या.

वळणावर उन्हात उभं राहून, पुढे कुणी पडलं तर मागच्यांना झेंडा दाखवायचा. ज्याच्याकडे शिकलेली माणसं आता शर्यती जिंकतात, त्यानं. मी म्हटलं, अरे, तो माणूस तुझ्यासमोरून जाणार, रुबाबात. हा म्हणतो, जाऊ दे की. मोरानं सगळ्यांसमोर कबूल केलं हे सांगितलं तेव्हाही त्यानं एवढंच विचारलं की त्या दिवशी ट्रॅक ओला होता का कोरडा. देवानं या माणसात राग नावाचा अवयव बसवलाच नाही, भिंगरी. आपण दोघी कुणासाठी एवढं जळलो कोण जाणे.

तो शनिवारच्या बसनं तुमच्याकडे येतोय. मला सुट्टी नाही. काठी विसरू देऊ नकोस आणि डोक्यावर टोपी घालायला लाव. काय होतं ते सविस्तर लिही.

वहिनी

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

दादा टोपी घालतो. काठी कुंपणाला टेकवून ठेवतो. इथपर्यंत तुझ्या सूचना पाळल्या गेल्या.

आता बाकीचं. झेंडेवाल्यांना जागा वाटून देतात तेव्हा दादानं स्वतः मागितली. टाकीचं वळण. ती जागा कुणालाच नको असते, तिथे सावली नाही. मालकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि होकार दिला.

मी वेगवान गटात होते. पहिल्या फेरीत टाकीजवळ आले तर दादा कुंपणापलीकडे उभा. झेंडे गुंडाळून काखेत. हातवारे नाहीत, काही नाही. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघायचं ते त्याचं कामच आहे, तसा तो बघत होता. माझ्याकडेही तसंच बघितलं, जणू ओळखत नाही.

माझ्यामागे मोर आला. मला दिसला नाही, पण आवाजावरून कळलं. त्यानं ब्रेक नेहमीपेक्षा फार आधी दाबला होता. पुढच्या फेरीला आणखी आधी. मग मी त्याच्या मागे राहून बघितलं. तो वळणाकडे बघतच नव्हता, दादाकडे बघत होता. आणि आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते, हे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी दादाच सांगतो. मोर वळण सोडून सरळ दादाच्या दिशेनं जायला लागायचा, मग दचकून ब्रेक दाबायचा, मग पाय खाली टेकायला आल्यासारखा हळूहळू वळायचा. दादा जागचा हलला नाही. गाडी अंगावर येते आहे असं वाटलं तेव्हाही नाही. सगळा गट मोराला ओलांडून गेला. दुपारी मालकांनी त्याला मधल्या गटात जायला सांगितलं. ते आपल्या कुंपणावरच्या सगळ्यात मोठ्या पाटीला असं सांगू शकतात हे मला पहिल्यांदाच कळलं. मधल्या गटातही टाकी तीच, आणि दादाही तिथेच.

त्यानंतरचा रविवारही असाच गेला. मोरानं सकाळी मालकांकडे तक्रार केली की तो झेंडेवाला मला त्रास देतो. मालकांनी विचारलं, काय करतो? मोराला सांगता येईना.

संध्याकाळी दादाला मी घरी आणलं. आप्पांनी त्याला पाय वर ठेवायला स्टूल दिलं. मी विचारलं, तू हे त्या दिवशीच ठरवलं होतंस का, फळं घेऊन तो आला तेव्हा? तो म्हणाला, ‘मी काय केलं? मी उभा होतो.’ आणि तुझ्यासारखंच मीही ते खरं मानायला निघाले होते. इतका साधा चेहरा होता.

आपण म्हणायचो त्याला राग येत नाही. मला वाटत होतं हा सूड माझा आहे, मग वाटलं तुझा आणि माझा आहे. वहिनी, त्याच्यापुढे आपण दोघी अजून लहान पोरी आहोत.

म्हणून मी पुन्हा विचारलं. म्हटलं, मोर हा ट्रॅक सोडून जाईल असं सगळे म्हणतात. दुसरीकडे गाडी चालवेल. मग?

दादानं पाय स्टुलावरून खाली घेतला, गुडघा हळूच वाकवून बघितला आणि म्हणाला, ‘तिथेही झेंडेवाले लागतातच.’

तुझी,
भिंगरी